कवठ्याच्या वाटेवरचे कोळी

रविवारी संध्याकाळी कवठे महांकाळहून माझी नणंद वत्सला हिचा फोन आला. "वैनी, आमच्या मंगलवर कोळी मुतलाय. तुमी त्या कोळ्यांचं समदं बघता न्हवं? येऊन जावा की एकडाव."

मंगल ही तिची सून. पस्तिशीची, कामाला वाघ. त्यांच्या द्राक्षबागेत विरळणी चालू होती, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीनं काढून टाकायचं काम. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, हात वर, दिवसभर. जाळी तोंडाला चिकटतात, डोक्यावर काहीबाही पडतं. तिथंच काहीतरी कपाळावरून चाललं असं तिला वाटलं, पुढं दोन दिवस कपाळ ठणकलं आणि त्या रविवारी सकाळी फोड उठले. गावात एक म्हातारे मेंढके आहेत, ते असल्या दुखण्यावर औषध देतात. त्यांचं म्हणणं, ज्या कोळ्यानं केलं तोच सापडला पाहिजे. तो जाळून त्याची राख लावली की उतार पडतो, भलत्याच कोळ्याची लावली तर उलटतं. आणि तोवर सुई म्हणून टोचून घ्यायची नाही. म्हणून त्या घराला कोळी ओळखणारं माणूस तातडीनं हवं होतं.

ते माणूस मी. वाईच्या शाळेत मी विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर वही, पेन्सिल आणि भिंग घेऊन पूर्णवेळ कोळ्यांच्या मागं लागले. शाळेतली पोरं मागून 'जाळीवाल्या बाई' म्हणायची, ते मला माहीत होतं आणि आवडायचंही. कोळी माणसावर मुतत नाही, त्यानं फोड येत नाहीत, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल. वत्सलालाही तेच सांगितलं. राखबीख लावू नका म्हटलं, आणि वर असंही म्हटलं, की बागेतले कोळी मारू नका, बरण्यांत धरून ठेवा, मी येऊन बघते. फोन ठेवला तेव्हा मी खुशीत होते. कोळी निर्दोष आहे एवढ्यावर माझं समाधान झालं होतं.

यवतेश्वरचा घाट

सोमवारी उजाडायच्या आत माझे दीर बाबूराव गाडी घेऊन दारात हजर. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरी घड्याळ अजून पलटणीचंच आहे. वत्सला त्यांची धाकटी बहीण. "वैनी, थेट हायवे धरतो. कराड, मिरज, आन् जेवायला वत्सीकडं," ते म्हणाले.

"यवतेश्वरला तासभर थांबू. वाटेतच आहे."

"वाटंत न्हाई ते. वत्सी वाट बघत आसंल."

"कोळी कुणावर मुतत नसतो, बाबूराव. घाई कशाला?"

त्यांनी साताऱ्यातून गाडी घाटाला लावली.

कार्तिकातली सकाळ होती. कोवळं ऊन अजून कड्यापलीकडं होतं आणि उतारावरच्या पिवळ्या पडत चाललेल्या गवतावर दव होतं. त्या दवात जाळी दिसत होती. एक नाही, दोन नाहीत, नजर जाईल तिथवर. गवताच्या प्रत्येक बुंध्याला एक पातळ पडदा ताणलेला आणि त्याच्या कोपऱ्यात नरसाळ्यासारखी नळी. डोंगरभर कुणी मलमलीचे रुमाल वाळत घालून गेलं असावं. नळीच्या तोंडाशी तपकिरी कोळी पुढचे पाय बाहेर काढून बसलेला असतो. काडीनं पडदा हलवला की धावत येतो, काडी आहे हे कळलं की तितक्याच वेगानं आत. निरुपद्रवी प्राणी. ऊन आलं की दव जातं, दवाबरोबर जाळीही दिसेनाशी होतात. मला वाटलं, आपण तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्याच कुणाच्या गावात येऊन गेलो.

वर झाडांत एक मोठी मादी होती, पसरलेल्या पायांसकट माझ्या तळहाताएवढी. काळी, अंगावर पिवळ्या रेघा, आणि तिचा धागा खरोखरच सोनेरी. दोन झाडांमध्ये हातभर नव्हे, पुरुषभर जाळं. कडेला डाळीच्या दाण्याएवढा तिचा नर, जीव मुठीत धरून. लोक हिला बघून पळतात, पण ही मुद्दाम हातात धरल्याशिवाय चावत नाही, आणि चावली तरी माशी चावल्यासारखं थोडा वेळ दुखतं. सावध राहायचं ते खाली, रस्त्यासाठी कापलेल्या मातीत. तिथं बोटभर रुंदीची बिळं दिसतात, तोंडाशी रेशमाचं अस्तर. आत केसाळ, थोराड कोळी असतो. त्याचा चावा चांगलाच ठणकतो आणि हात सुजतो. माणूस मेल्याचं मी ऐकलेलं नाही, पण त्या बिळात बोट घालायचं कारण काय?

गवताचा भारा घेऊन एक बाई खाली येत होत्या. मी भिंग लावून बसलेली बघून त्या भाऱ्यासकट थांबल्या.

"काय हरवलं?"

"काही नाही. कोळी बघते."

"घरात न्हाईत व्हय तुमच्या?"

त्यांच्या घरात होते. खिळ्याएवढीही जागा न सोडता सगळी जळमटं त्या काढतात, पण चुलीच्या वरच्या कोपऱ्यातलं एक जाळं मुद्दाम ठेवतात. विळा लागला की त्यातलं थोडं जखमेवर दाबायचं, रक्त थांबतं. माझ्या आईकडं दसऱ्याआधी जळमट राहिलं तर घरच्या बाईची शोभा व्हायची. मी त्यांना जखमेवर धूळ बसते, असं करू नका, हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हाताचं कोपर दाखवलं, जुना व्रण होता, पांढरा, स्वच्छ. "ह्यो कसा भरला मग?"

तासाचे तीन तास झाले. शिवाय झाडाच्या सालीवरचा एक चपटा, लांब पायांचा कोळी मला इतका आवडला, की मी तो डबीत घेतला. घरात पालींशेजारी भिंतीवर पळतो ना, तसलाच. झुरळं खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. डबीचं झाकण नीट बसलं नव्हतं. साताऱ्यात शिरताना तो बाबूरावांच्या डोळ्यांसमोर काचेवर अवतरला. सीमेवर थंडीवाऱ्यात पहारा दिलेला हा माणूस चालत्या गाडीतून उतरायला निघाला. गाडी चरात गेली, पुढचं चाक वाकडं झालं. ते दुरुस्त होईतो संध्याकाळ झाली आणि आम्ही साताऱ्यातच ओळखीच्यांकडं मुक्काम केला. "दुश्मन दिसला तर गोळी घालता येती, वैनी," बाबूराव चहा पिताना म्हणाले. "ह्येला काय घालायचं?"

दिवे लागताना वत्सलाचा फोन आला. फोड वाढलेत, उजव्या डोळ्यावर सूज आहे. "पर तुमी येताय न्हवं, मग बरं. म्हाताऱ्याला सांगून ठिवलंय, वैनी आल्याबिगर काय करू नका म्हून." मी दिवसभरातली चित्रं शाईनं पक्की करत होते. गार पाण्याची पट्टी ठेवा म्हणाले, आणि सोनेरी धाग्याला कुठला रंग द्यावा याचा विचार करत राहिले.

विट्याच्या पुढचा माळ

मंगळवारी कराडहून सरळ खाली जायचं सोडून मी विट्याची वाट धरायला लावली. त्या बाजूच्या माळावर बाभळीबोरींवर एक वस्ती असते, ती मला कित्येक वर्षं बघायची होती. बाबूरावांचा पलटणीतला एक दोस्त तिकडंच राहतो, त्यामुळं या खेपेला तेही फार बोलले नाहीत.

कृष्णेकाठचा ऊस मागं पडला की माती हळूहळू फिकी होत जाते. हिरवं विरळ होतं, आभाळ मोठं होतं. दोस्ताच्या घरी दुपारी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं. आमच्या वाईकडं हुलगे म्हणजे बैलाचं खाणं. इथं त्या घरच्या वहिनींनी वाटीत तूप सोडून माडगं पुढं ठेवलं आणि मी तीन वाट्या प्याले. वहिनी म्हणाल्या, "प्या की. लय गुणाचं हाय. ऊस खाऊन तुमची माणसं मऊ झाल्यात."

उन्हं कलल्यावर माळावर गेलो. बाभळीच्या काट्यांत राखाडी, मळकट गाठोडी अडकल्यासारखी दिसत होती. वाऱ्यानं कचरा आणून अडकवला असंच कुणालाही वाटेल. त्यातलं प्रत्येक गाठोडं म्हणजे एक गाव. शेकडो कोळी एकत्र राहतात. कोळी म्हटला की एकलकोंडा, शेजाऱ्याला खाणारा. हे मात्र मिळून जाळं विणतात, मिळून शिकार ओढतात, मिळून जेवतात. माणसाला यांचा काही उपद्रव नाही. दिवसभर आत झोपून असतात. मी एका दगडावर बसले आणि ते उठायची वाट बघत राहिले.

सूर्य टेकला तसे ते निघाले. एक पाय, मग दोन, मग गाठोड्याच्या सगळ्या भोकांतून करडे ठिपके. घाई कुणालाच नव्हती. एकजण फाटलेला धागा ओढत होता, दुसरा त्यावरून चालत पलीकडं जात होता, तिसरा नुसताच बसला होता. लांब कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. माझ्या मनात त्या वेळी कोणी नव्हतं. मी नव्हते, आमचे हे जाऊन झालेली सहा वर्षं नव्हती, आणि मंगलही नव्हती. यांच्यातल्या माद्या शेवटी पिल्लांना आपलं अंगच खाऊ देतात, हे वाचलेलं मला आठवलं आणि त्यात मला काही भयंकर वाटलं नाही. इतकं निवांत मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत बसले. मुक्काम दोस्ताकडंच झाला.

कवठे महांकाळ

बुधवारी अकराच्या सुमारास वत्सलाच्या बागेत पोचलो. घराच्या कट्ट्यावर बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. लोणच्याच्या, कॉफीच्या, एक औषधाची बाटली, एक स्टीलचा डबा. प्रत्येकीच्या झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली. शेजारपाजार गोळा झाला होता आणि औषध देणारे म्हातारे खांद्यावर घोंगडं टाकून कडेला बसले होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वत्सलाचे डोळे रडून लाल झालेले मी पाहिले, पण आधी बरण्या पाहिल्या.

आता कबूल करते, की पुढचा तासभर मी फार सुखात होते. एकेक बरणी उन्हात धरायची आणि सांगायचं. हा हिरवा, पायांवर काटे असलेला. पानांवर उड्या मारतो, बागेतल्या किडी खातो, याला पोसा. ही जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी वेलबुट्टी काढून त्यावर पाय जोडून बसते. दिसायला झकपक, स्वभावाला गरीब. हा इवलासा, चार मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडं मान वळवून बघणारा; याच्यापासून फक्त माशीनं भ्यावं. हे काडीसारख्या पायांचं, मोरीत लटकतं. फुंकर मारली की नुसतं थरथरतं. पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन पळणारी एक जमिनीवरची मादी होती, ती बघून बायका मऊ झाल्या. "बया, हिला सोडा की," कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या बाटलीत बोअरच्या मोटारीच्या पेटीत सापडलेली एक तपकिरी मादी होती. वाटाण्याएवढं गोल पोट, पायांवर पट्टे, आणि शेजारी काटेरी लाडवासारखी अंड्यांची पिशवी. मी बाटली उलटी केली. पोटाच्या खालच्या अंगाला वाळूच्या घड्याळासारखी नारिंगी खूण. इंग्रजीत हिच्या जातीला विधवा म्हणतात, नवऱ्याला खाते म्हणून. मी स्वतः विधवा आहे आणि कुणाला खाल्लेलं नाही, म्हणून मी हिला घड्याळवाली म्हणते.

"ही मात्र जपायची," मी म्हणाले. "आपल्याकडं घरादारात भिऊन राहावं अशी हीच. तपकिरी त्यातल्या त्यात सौम्य, हिची काळी भावंडं जास्त वाईट. पेटीत, दगडाखाली, बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकखाली न बघता हात घालू नका. चावली तर कापू नका, चोखू नका, बांधू नका. दुखणं वाढलं, घाम सुटला, पोटात पेटके आले, तर सरळ दवाखाना."

"म्हंजी हीच," म्हातारे उठत म्हणाले. "द्या हिकडं."

"आजोबा, ही मोटारीच्या पेटीत होती. मंगल मांडवाखाली होती. आणि हिच्या चाव्यानं असे फोड येत नाहीत."

"मग कशानं आलं?"

त्यांनी सरळ विचारलं. तीन दिवसांत तो प्रश्न विचारणारे ते पहिलेच.

"वैनी," वत्सला म्हणाली, "आवं, तिला बघा तरी."

मंगल आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, खिडकीवर साडीचा पडदा, कारण उजेड सोसत नव्हता. मला बघून तिनं पदर सावरला. "या मामी. लय लांबनं आलासा." उजवा डोळा सुजून मिटला होता. कपाळावर गेरूचा लेप, त्याखाली फोड, काही फुटलेले. मी ओल्या फडक्यानं हळूच गेरू पुसला आणि मला दिसलं. फोड फक्त उजव्या बाजूला होते. कपाळाच्या बरोबर मधोमध रेघ मारावी तसे थांबलेले, डावीकडं एकही नाही. आणि एक फोड नाकाच्या शेंड्याला.

आमच्या ह्यांना कमरेला नागीण झाली होती, तेव्हा मी महिनाभर तिला औषध लावत होते. तीच लाली, तेच घोस, आधी दोन दिवस तोच ठणका.

"ही नागीण आहे," मी म्हणाले.

दारातून म्हातारे म्हणाले, "नागीण कमरंला व्हती, बाई. न्हाईतर पाठीला. तोंडाला कशी व्हईल?"

त्या गावात सगळ्यांना नागीण माहीत होती. ती कमरेला वेढा घालते हे इतकं पक्कं माहीत होतं, की कपाळावर ती कुणी ओळखली नाही. बाबूरावांनी तोवर गाडी वळवून दाराशी आणली होती. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

मिरज

कवठ्याहून मिरज तासाभराची वाट. मंगल मागच्या सीटवर वत्सलाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. खिडकीबाहेर बागा, माळ, पुन्हा बागा असं काहीतरी जात होतं. मी बघितलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या होत्या. त्यांनी दिवा लावून बराच वेळ डोळा तपासला. नागीणच होती, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आला की ती बहुतेकदा डोळ्यात उतरते, हे त्यांनी सांगितलं. उतरली होती. बुबुळावर परिणाम झाला होता.

"फोड कधी आले?"

"रविवारी सकाळी," वत्सला म्हणाली.

"पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर फार फरक पडतो. परवा आणलं असतं तर बरं झालं असतं. का थांबलात?"

वत्सलानं माझ्याकडं बघितलं नाही. "आमच्या वैनी येणार व्हत्या," ती म्हणाली. "त्यास्नी समदं कळतंय."

तिथल्या बाकावर बसून मला इतकी लाज वाटली, की पाणी प्यायला उठणंही जमेना. परवा म्हणजे सोमवार. सोमवारी दुपारी आम्ही पोचणार होतो.

महिन्याभरानं मी पुन्हा गेले, या खेपेला एसटीनं, थेट. मंगल बागेत होती. डोळा राहिला. पण बुबुळावर पांढुरकी जाळी धरली आहे आणि उजवीकडचं सगळं तिला धुरकट दिसतं. विरळणी तिला जमत नाही, कारण मणी आणि त्यामागचं बोट वेगळं कळत नाही. दोनदा कात्री बोटाला लागली. आता ती खाली बसून काड्या गोळा करते. तिनं माझ्यासाठी खपली गव्हाची खीर केली होती. जेवणं झाल्यावर मांडवाखाली आम्ही दोघीच होतो.

"मामी, एक इचारू का? तुमाला फोनवरच ठावं व्हतं व्हय, कोळी न्हाई म्हून?"

"हो."

तिनं काड्यांची मोळी बांधली. रागावली नव्हती. खरंच कळत नसल्यासारखी म्हणाली, "मग तवाच म्हणायचं की, दवाखान्यात जावा."

वाटेत दोन दिवस कुठं होता, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर जे सांगावं लागलं असतं, ते वर लिहिलं आहे.